अनुभव धागा: बातमी आली आणि पुढचं गाणं माझंच होतं

परवा गप्पांत विषय निघाला, की भर कार्यक्रमात वाईट बातमी आली तर काय करायचं? गात राहायचं, थांबायचं, की सांगून मोकळं व्हायचं? म्हणून हा धागा. गाणारे, वाजवणारे, साउंडवाले, श्रोते, सगळ्यांनी लिहा. 'शो मस्ट गो ऑन' छापाचे सुविचार मात्र नकोत, नेमकं काय झालं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. सुगम संगीताचा कार्यक्रम. मध्यंतरानंतरचं दुसरं गाणं संपताना विंगेतून चिठ्ठी आली: मोठा अपघात, बरीच माणसं गेली. समोर बघितलं तर अंधारात एकेक मोबाईल उजळत होता. पुढचं गाणं नेमकं उडत्या चालीचं. मी काही न बोलता ते गायले, त्याच्या पुढचंही गायले. त्यांना माहीत, मला माहीत, आणि सगळे काही झालंच नाही असे बसलेले. नंतर एक बाई आत येऊन म्हणाल्या, "गायलात त्याचं काही नाही हो, पण एक शब्द बोलायचात." अजून टोचतं.

पुढे कधीतरी अमेरिकेतल्या बोस्टन सिम्फनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण ऐकलं. 22 नोव्हेंबर 1963, दुपारची मैफल. वाद्यवृंदाचे संचालक एरिख लाइन्सडॉर्फ श्रोत्यांकडे वळून अध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी सांगतात. सभागृहातून एक आवाज उठतो. मग ते म्हणतात, आता बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिम्फनीतलं शोकसंचलन वाजवू, आणि पुन्हा तसाच आवाज उठतो. मला वाटतं, बातमीवर विश्वास बसला तो या दुसऱ्या वेळी.

धातिरकिट
माझी बातमी घरचीच होती. वडील पहाटे गेले, संध्याकाळी साथ ठरलेली. गवयांना सांगितलं नाही. हात थरथरत होता म्हणून तबला लावतच बसलो. षड्ज कधीच जुळला होता, पण हातोडी खाली ठेववेना. शेवटी गवई म्हणाले, "अहो, लागलाय."

विलंबित एकतालात एका मात्रेवरून दुसरीवर जाईपर्यंत माणसाला विचार करायला फार जागा मिळते. त्या जागेत वडील होते. द्रुत सुरू झालं तेव्हा सुटलो. ठेका कुठे चुकला नाही. नातेवाईक म्हणाले, दगड आहे हा. असेन.

फुंकर
धातिरकिट, तुम्हाला निदान रडत वाजवता तरी येतं. आमचं तसं नाही. मी बासरी वाजवते. हुंदका आला की आधी ओठ सैल पडतात, मग नुसती हवा जाते, सूर नाही. शोकसभेत दोन मिनिटांचा आलाप वाजवायचा होता, मंद्र पंचमावर ठेवलेली फूक फाटली. पुन्हा लावली, पुन्हा फाटली. तिसऱ्यांदा बासरी मांडीवर ठेवली आणि तंबोरा तेवढा चालू राहू दिला. लोकांना वाटलं, तसंच ठरलं होतं.

म्हणूनच लेनिनग्राडचं मला नवल वाटतं. 9 ऑगस्ट 1942, शहराला जर्मन सैन्याचा वेढा, आणि वाद्यवृंदाचे संचालक कार्ल एलियासबर्ग शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी सादर करतात. सव्वा तासाच्या आसपासचं काम! रेडिओच्या वाद्यवृंदातले कितीतरी जण उपासमारीने गेलेले, म्हणून सैन्यातून वादक आणावे लागले. तालमीत लोक कोसळत. ट्रम्पेटवाल्यांनी ती फुंक कुठून आणली असेल? बाकीचे त्यातलं धैर्य वगैरे बघतात, मी फुप्फुसं बघते.

फेडर
साउंडवाला आहे. दोनच गोष्टी.

एक, शोकसभेत "हॅलो हॅलो, चेक" म्हणायचं नाही. मी पहिल्या सभेत म्हणालो होतो, समोर मुलगा गेलेली आई बसली होती. तेव्हापासून लोक यायच्या आत सगळं तपासून ठेवतो, आणि नंतर गरज पडलीच तर माइकवर बोट हलकेच घासतो.

दोन, टाळ्या. वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळत नाही. चार जण सुरू करतात, ओशाळून थांबतात, आणि कलाकार तिथे अधांतरी उभा. निवेदकाने आधीच सांगून टाकावं.

रिकामी खुर्ची
मी उलट बाजूची. दुर्घटनेनंतर आमच्या ग्रुपने कार्यक्रम रद्द केला. आम्हा गाणाऱ्यांना सगळ्यांनी शाबासकी दिली. लाइटवाल्या पोराची त्या रात्रीची मजुरी बुडाली, त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही, हे लिहायलाच हवं.

पुढच्या वेळी त्याच कारणासाठी मदतनिधीचा कार्यक्रम केला, तर पैसे महिनोन्महिने संयोजकांच्याच खात्यात. बांगलादेशसाठी रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी 1 ऑगस्ट 1971 ला न्यू यॉर्कमध्ये केलेल्या कार्यक्रमाचाही बराच पैसा करांच्या भानगडीत वर्षानुवर्षे अडकला होता, मग आमची काय कथा. (धातिरकिट, त्याच कार्यक्रमात सतार-सरोद जुळवून होताच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जुळवणी एवढी आवडली, तर वादनही आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी म्हणाले. तुमच्या त्या दिवशीच्या जुळवणीला खरं तर त्या मिळायला हव्या होत्या.)

धातिरकिट
गवयांना अजून सांगितलेलं नाही. अकरा वर्षं झाली. परवा पुन्हा साथ आहे त्यांच्याबरोबर.