दुसऱ्या मुलाचं ठरवायचं कोणी?

सुदामानगरची सून: काल रामबागेत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. माझी ओटी भरता भरता काकू म्हणाल्या, "आता हिला भाऊ आणा हं", आणि पाच वर्षांची लेक शेजारीच तिळगूळ खात उभी. घरी येऊन विचारते, आई, मी पुरत नाही का? रात्रभर डोळा लागला नाही. आमचं दोघांचं ठरलंय, एकच. हिच्या वेळेस मला 26 आठवडे रजा होती, खाजगी नोकरीत बापाला कायद्याने एक दिवस नाही, सगळी जागरणं माझी. तेव्हा बाळाला तासभर घ्यायला कोणी फिरकलं नाही, मग आता मत कशाला देतात?

राजवाडाकर: ताई, लेकीसमोर बोलल्या ते चूकच. पण दुसऱ्याचा विचार सोडू नका. बाबा आयसीयूत होते तेव्हा मी आणि बहिणीने आळीपाळीने रात्री काढल्या, सह्या, पैसे, डॉक्टर, एकटा असतो तर मोडलो असतो. तुमची लेक हे एकटीने कसं निभावणार?

मधली मुलगी: भाऊ, तुमची बहीण आली हे तुमचं नशीब. आम्ही तिघं, पण आईच्या आजारपणात बाकीचे दोघं व्हिडिओ कॉलवर "काळजी घे" म्हणायचे, बेडपॅन मीच उचललं. सोबत म्हणून मूल जन्माला घालायचं हे मला अजिबात पटत नाही.

एकाचा बाप: आमचं एकावर थांबायचं ठरलं तेव्हा ऑपरेशन मी करून घेतलं. घरात रडारड झाली, "तू का, तिचं करा ना". 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर जोडप्यांमागे नसबंदी बायकोची 37.9 आणि नवऱ्याची 0.3, म्हणजे मूल किती ते सगळे ठरवणार आणि टेबलावर बाईच.

तीन मुलींची आई: मी 71 वर्षांची. दोन मुलींवर सासूबाईंनी तिसरा चान्स घ्यायला लावला, तिसरीही मुलगीच झाली तर दवाखान्यात घरचं कोणी आलं नाही. आज तीच मला सांभाळते. म्हणून सांगते बाळ, लोकांसाठी आणू नकोस, पण लोकांवरच्या रागाने "नाही"ही म्हणू नकोस.

सुदामानगरची सून: आजी, राग आहे, खोटं कशाला बोलू. पण निर्णय त्याच्या आधीचा आहे, लेक दोन वर्षांची असतानाच दोघांनी बसून घेतलेला. काकूंना आज फोन करून सांगितलं, तिच्यासमोर हा विषय नको. गप्प झाल्या एकदम.

राजवाडाकर: माझं मत तेच आहे ताई. मग निदान सुट्टीत तिला आत्ये-मामेभावंडांत राहू द्या, महिना महिना. रात्री दोनला फोन करता येईल असं कोणीतरी हवं तिला.