अनुभव धागा: देखभाल समन्वयकाच्या गौरवाची शिफारस लिहिताना नेमकं काय बघता?

लष्करी विमानांच्या तळावर एक माणूस असा असतो की ज्याच्या हातात पानाही नसतो आणि विमानाची कंट्रोल स्टिकही नसते. तो देखभाल समन्वयक. कुठल्या टेल नंबरवर (म्हणजे कुठल्या विमानावर) कोणता स्नॅग, म्हणजे बिघाड आहे, भाग कधी येणार, एव्हियॉनिक्सची (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सची) टीम आधी कुठे पाठवायची, पहाटेच्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणफेरीला, कोणतं विमान द्यायचं, हे सगळं त्याच्या बोर्डावर जमतं. त्याच्या गौरवाची शिफारस लिहायला बसलं की मात्र 'अथक परिश्रम', 'वाखाणण्याजोगी निष्ठा' यांनीच पान भरतं आणि समितीला दोन नावांत फरक सापडत नाही. ज्यांनी अशा शिफारसी लिहिल्यात, तपासल्यात किंवा परत पाठवल्यात त्यांनी लिहा. आत्मचरित्र नको, कामाचं बोला.

मेंटेनन्स कंट्रोल, दिवसपाळी

उपलब्धतेच्या टक्केवारीने सुरुवात करू नका. 12 विमानं, 30 दिवस, म्हणजे ताब्यातले तास 8,640. त्यांतले 6,480 तास विमानं मोहिमेला लायक असतील तर 75 टक्के. समन्वयक कळतो तो उरलेल्या 2,160 तासांत. अमेरिकी हवाई दलात या तासांची तीन खाती करतात: भागासाठी खोळंबा, कामासाठी खोळंबा आणि दोन्हींसाठी एकदम.

गंमत तिसऱ्या खात्यात आहे. हायड्रॉलिक पंप यायला चार दिवस आहेत आणि त्याच विमानावर टायर, इंधनमापकाची तक्रार आणि एक नियत तपासणी बाकी आहे. चांगला समन्वयक ही कामं त्या चार दिवसांतच उरकून घेतो. पंप आला की बसवणं, हवा काढणं, गळती बघणं, चाचणी, सही. कच्चा समन्वयक पंपाची वाट बघतो आणि तो आल्यावर बाकीची यादी उघडतो. त्या चार दिवसांपुरती दोघांची टक्केवारी तंतोतंत सारखी दिसते! म्हणून आम्ही 'भाग हातात पडल्यापासून विमान सर्व्हिसेबल (उड्डाणाला तयार) होईपर्यंत किती तास' हा आकडा मागतो. तो गोदामाची पावती आणि लॉगमधली सही यांच्या वेळांवरून काढता येतो.

नियोजन विभाग

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे तासांचा जिना. समजा मोठी तपासणी दर 300 उड्डाणतासांनी आहे आणि विमानं 12. आदर्श मांडणीत पुढच्या तपासणीला उरलेले तास 25, 50, 75 असे 300 पर्यंत चढत जातात. बेरीज 1,950, सरासरी 162.5. आता सहा विमानांना 300 तास उरलेत आणि सहांना 25, अशी मांडणी करा. बेरीज 1,950. सरासरी पुन्हा 162.5. पण तपासणीची जागा एकच असेल आणि एका विमानाला कामाचे 10 दिवस लागत असतील, तर शेवटचं विमान बाहेर पडायला 60 दिवस. सरासरीवर खूश होणाऱ्या वरिष्ठांना हे दोन आलेख शेजारी ठेवून दाखवावेत.

जिना मोडतो तो सवयीने. ज्या विमानावर बाहेरच्या इंधनटाक्या किंवा पॉड (बाहेर टांगायची उपकरणं) आधीच लावलेले असतात तेच पुन्हा पुन्हा उड्डाणाला जातं, कारण उतरवून दुसऱ्यावर चढवायला मनुष्यतास लागतात. त्याचे तास भसाभस संपतात. समन्वयकाला ही अदलाबदल आठवड्याच्या वेळापत्रकात आधीच घालावी लागते, आणि कमी तास उरलेल्या विमानाला छोट्या सॉर्टी मिळाव्यात म्हणून उड्डाण विभागाशी वाद घालावा लागतो. शिफारशीला कारकिर्दीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन जिने जोडा. शब्द कमी लागतील.

सुटे भाग

कॅनिबलायझेशनबद्दल, म्हणजे एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावण्याबद्दल. गोदामातून भाग आला तर कामं दोन: बिघडलेला काढणं, नवा बसवणं. शेजारच्या विमानाचा काढून लावला तर चार, कारण दाता विमानावरून काढणं आणि नंतर तिथे नवा बसवणं हेही आलं. चाचण्याही दोन विमानांवर. त्यात कनेक्टरच्या पिना वाकतात, पॅनेलचे स्क्रू झिजतात, आणि भागाचं उरलेलं आयुष्य सीरियल नंबरासकट दुसऱ्या लॉगमध्ये न्यायचं राहिलं तर महिन्यांनी कुणाला तरी मुदत उलटलेला भाग उडता सापडतो.

तरी 'कॅनिबलायझेशन कमी केलं' एवढं लिहून पाठवू नका. एकच दाता ठरवून बाकी ताफा चालू ठेवणं कधी कधी शहाणपणाचंच असतं. दाता किती दिवस उभा राहिला, काढलेले स्क्रू आणि क्लॅम्प लेबल लावलेल्या पिशवीत होते का, आणि तो परत उभा करायची तारीख पहिल्या दिवशीच लिहिली होती का, हे विचारा. तारीख नसली की 'हँगर क्वीन' तयार होते. तिच्यातून भाग जात राहतात, ती काही बाहेर येत नाही.

इजेक्शन सीट

आमच्याकडे मुदत एक नसते. वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणाऱ्या या सीटच्या काडतुसाला निर्मितीच्या तारखेपासूनचं एक आयुष्य असतं आणि हवाबंद डबा उघडल्यापासूनचं दुसरं. जे आधी संपेल ते खरं. त्यामुळे 'आली आहेत तर उघडून ठेवू' म्हणणारा माणूस मुदतच खातो. स्फोटक असल्यामुळे वाहतुकीचे नियम वेगळे, मागणी बरीच आधी लावावी लागते.

बऱ्याच लढाऊ विमानांत सीट काढायला आधी कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) काढावी लागते. मग सीटखालच्या जागेतली वायरिंगची तपासणी, कॉकपिटमधल्या सैल वस्तूंचा शोध, कॅनॉपीचं सील, हे त्याच वेळी झालं पाहिजे. असं जुळवून आणलं की सीटसाठी वेगळं विमान थांबवायची गरजच पडत नाही. त्याचा मागमूस कुठल्याही अहवालात दिसत नाही. ड्यू लिस्ट (मुदतीच्या कामांची यादी) आणि जॉब कार्डं (झालेल्या कामांच्या नोंदी) शेजारी ठेवून तारखा जुळवाव्या लागतात. शिफारस लिहिणाऱ्याने तेवढे कष्ट घ्यावेत.

क्वालिटी

मी लॉग बघते. अमेरिकी पद्धतीत लाल फुली म्हणजे विमान उडवायचं नाही, लाल आडवी रेघ म्हणजे तपासणी बाकी किंवा स्थिती माहीत नाही, लाल तिरकी रेघ म्हणजे दोष आहे पण उड्डाण रोखण्याइतका नाही. इतरत्र खुणा वेगळ्या, प्रश्न तेच. बोर्डावर हिरवं आणि लॉगमध्ये फुली, असं किती वेळा सापडलं? त्याच विमानावर तोच दोष पुढच्याच सॉर्टीला परत आला का? त्यानंतरच्या दोन-तीन सॉर्टींत आला का?

'जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं' या नोंदी मोजा. रडार हवेत गरम झाल्यावर बंद पडतं आणि जमिनीवर दहा मिनिटांत चालतं, म्हणून ती नोंद खोटी नसते. पण तीच नोंद दुसऱ्यांदा येत असेल तर समन्वयकाने विमान थांबवून कनेक्टर, कूलिंगची हवा आणि वायरिंग बघायला वेळ द्यायला हवा. वेळापत्रक तोडून दिलेली ती सकाळ शिफारशीत यायला हवी.

टूल रूम

हरवलेला पाना. पाळी संपताना शॅडो बोर्डावर (प्रत्येक हत्याराची आकृती काढलेल्या फळीवर) एक जागा रिकामी. ज्या ज्या विमानावर ती पेटी गेली ती सगळी थांबवायची, टॅक्सी करत (जमिनीवरून धावपट्टीकडे जात) असेल तर परत बोलवायचं, हवेत असेल तर ऑपरेशन्सला लगेच कळवायचं. हे करणाऱ्याचा महिन्याचा आकडा घसरतो. ज्या युनिटात फक्त वेळेवर दिलेल्या सॉर्टींवर बक्षीस ठरतं तिथे पाने 'सापडायला' लागतात. बस, एवढंच.

निवड समितीवर बसणारा

अमेरिकी हवाई दलात जनरल ल्यू ॲलन ज्युनिअर ट्रॉफी सॉर्टी उभी करण्याच्या कामासाठीच आहे. ज्या दलांत असा वेगळा सन्मान नसतो तिथे समन्वयकाचं नाव तंत्रज्ञ आणि अधिकारी यांच्या मधल्या फटीत पडतं. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा की त्याच्या अखत्यारीत काय होतं: किती विमानं, किती टीम, कोणते निर्णय तो स्वतः घेई आणि कोणते वर मांडी.

एक ओळ अशी येते: 'यांच्या कुशल समन्वयामुळे ताफ्याची सज्जता लक्षणीय वाढली.' परत पाठवतो. चालणारी ओळ, आकडे केवळ नमुन्यादाखल: 'भाग येण्याआधी बाकीची कामं संपवण्याची पद्धत लावली; भाग आल्यापासून विमान तयार होण्याचा मध्यक वेळ सहा महिन्यांत 19 तासांवरून 8 वर आला; पुन्हा येणारे दोष वाढले नाहीत.' शेवटचं कलम विसरू नका. वेग वाढला आणि दोष परत येऊ लागले तर ती घाई झाली. त्याच काळात मनुष्यबळ वाढलं असेल तर तेही सांगा, नाहीतर विचारणारा कुणीतरी असतोच.

आणि सज्जतेचे आकडे बहुधा गोपनीय. मूळ शिफारस एक, समारंभात वाचायचं मानपत्र दुसरं. दुसऱ्यात टेल नंबर, टक्केवारी, तैनातीची जागा नको.

रात्रपाळी

दिवसपाळीच्या वरिष्ठाला विचारून नाव ठरवलं की दिवसपाळीचंच नाव येतं, यात कुणाचा दुष्टपणा नसतो. समोरच्या पाळीचा समन्वयक आणि गोदामाचा कारकून यांना विचारा. सकाळी हँडओव्हर घेताना काय अर्धवट मिळतं, 'अत्यंत तातडीचं' लिहून आलेल्या मागण्यांतल्या खरंच किती तातडीच्या असतात, हे त्यांना पाठ असतं.

समारंभ पाळी बदलताना ठेवा, म्हणजे दोन्ही पाळ्या हजर राहतील. त्या अर्ध्या तासापुरता बोर्ड कुणाकडे, हे आधी ठरवून रीतसर हँडओव्हर लिहून घ्या. नाहीतर सत्कारमूर्तीच्या कमरेचा रेडिओ मानपत्र वाचताना 'फ्युएल बाउझर (इंधनाचा टँकर) कुठे आहे' विचारत राहतो, आणि तो उत्तरही देतो.