सानेंची मॉरिस आणि आमची झोप

गोखले काकू ब-१०१ (६:०२): सुप्रभात. आज रविवार. ५:४५ ला पुन्हा तेच. सात मिनिटं. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

निखिल अ-१०४: काकू नाव घ्यायची गरजच नाही, गाडी स्वतःच ओरडून सांगते 😂

पाटील सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, विषय शांतपणे मांडावा. सानेसाहेब, कृपया लक्ष घालावे 🙏

बर्वे क-५०१: गच्चीवरच्या टाकीचं पत्र्याचं झाकण वाऱ्याने रात्रभर दणदणतं. मागच्या मीटिंगला बोललो होतो. त्याचं काय झालं?

साने अ-४०३: काकू, मनापासून क्षमस्व. १९६३ ची मॉरिस मायनर आहे, थंड इंजिनाला चोक देऊन जरा वेळ धरावंच लागतं. पण मी गप्प बसलेलो नाही. मीटिंगमध्ये कबूल केल्याप्रमाणे पूर्ण साउंडप्रूफिंग करतोय. खाली डांबरी शीट, त्यावर जाड फोम, आणि दारांत व कडेच्या पोकळ्यांत स्प्रे फोम भरून टाकणार. पंधरा दिवस द्या.

गोखले काकू: पंधरा दिवस. लिहून ठेवलं.

देशमुख क-२०२: साने, थांबा. काय काय घेऊन झालंय?

साने: फोमचा गठ्ठा आलाय घरी. का हो?

देशमुख: स्प्रे फोमला हात लावू नका. मायनरला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; सगळा भार बॉडीवर आहे. कडेच्या त्या पोकळ्या म्हणजे तिची हाडं. तिथे फोम भरलात की पाणी आत अडकणार, पत्रा आतून सडणार आणि वरून रंग चकाचक दिसत राहणार. दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, तीसुद्धा बुजतील.

निखिल: अंड्यांचे ट्रे लावा ना, स्टुडिओत लावतात तसे

देशमुख: त्याने आवाज अडत नाही. पुठ्ठ्याला वजनच काय असतं?

कुलकर्णी ब-३०३: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, गॅरेजसाठी नाही. वैयक्तिक चर्चा वैयक्तिक करा.

गोखले काकू: कुलकर्णी, तुमच्याकडे चार महिने ड्रिल चाललं तेव्हा तेही वैयक्तिकच होतं का?

कुलकर्णी: आम्ही रीतसर परवानगी घेतली होती.

गोखले काकू: भिंतींना विचारून?

पाटील सेक्रेटरी: 🙏🙏 विषयाला धरून राहू या.

साने: देशमुख, मग डांबरी शीट तरी चालेल ना? स्वस्तात होतं.

देशमुख: छपरावर घालतात ती? उन्हात गाडी तापली की मऊ होते, वास सुटतो, छताला लावलेली तर ओघळून खाली येते. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली ब्यूटाइल रबराची शीट घ्या. पण तिचं काम आधी समजून घ्या. ती आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर मारते. पत्रा हलला की मधलं रबर ताणलं जातं आणि त्या हालचालीची उष्णता होऊन जाते. म्हणून सगळा पत्रा मढवायचीही गरज नाही. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध पाव ते अर्धा भाग झाकला तरी पुष्कळ फरक पडतो. बोटाने टिचकी मारून बघा, जिथे घंटेसारखा वाजतो तिथे लावा, जिथे बद्द वाजतो तिथे सोडून द्या.

निखिल: टिचकी मारली तर भोक पडेल सर, ६३ ची आहे

साने: निखिल, तुझ्या बाइकचा सायलेन्सर कुठल्या साली हरवला ते सांग आधी.

निखिल: 🤐

बर्वे: टाकीचं झाकण?

साने: आणि फोमचं काय करू? आणून बसलोय.

देशमुख: एक तुकडा पाण्यात बुडवून पिळा. स्पंजसारखं पाणी पीत असेल तर जमिनीवर घालू नका. जुन्या गाडीत पाणी कुठून ना कुठून शिरतंच, तो ओला राहील आणि खालचा पत्रा खाईल. छताच्या कापडामागे चालेल. जमिनीला बंद पेशींचा फोम लागतो, पाणी न पिणारा. तोही एकटा आवाज अडवत नाही बरं का, तो नुसती गादी. त्याच्यावर जड व्हाइनिलचा थर पसरायचा, खरी अडवणूक तो करतो. अडवायला वजन लागतं, दुसरा मार्ग नाही. वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्मा वाटायला १० लागतात.

साने: म्हणजे गाडी जड होणार.

देशमुख: नेहमीचं व्हाइनिल चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास भरतं. जमीन आणि इंजिनमागची पत्र्याची भिंत धरून तीन चौरस मीटर झाले तर १५ किलो. १०९८ सीसीला झेपेल, एक मूल मागे बसवल्यासारखं. पण त्या भिंतीतून वायरी आणि केबली जातात ती भोकं उघडी ठेवलीत तर १५ किलो वाया. तिथली रबरं आधी बदला. आणि दारांची रबरं! कागद दारात धरून दार लावा, सहज ओढून निघाला तर तिथून वारा आणि आवाज दोन्ही आत येतात.

कदम क-१०३: 🌹 सुप्रभात 🌹 रविवारच्या हार्दिक शुभेच्छा 🌹

गोखले काकू: माझा प्रश्न साधा आहे. हे सगळं लावल्यावर ५:४५ ला माझ्या खिडकीखालचा आवाज कमी होणार का? हो किंवा नाही.

साने: काकू, पहिल्या गिअरची ती किंकाळी ऐकू येते ना, तीसुद्धा दबेल. पहिल्या गिअरचे दात सरळ असतात या गाडीत, म्हणून ती...

गोखले काकू: मी गिअर नाही विचारला. ५:४५ ला माझ्या खिडकीखालचा आवाज कमी होणार का? हो किंवा नाही.

देशमुख: काकू, नाही.

पाटील सेक्रेटरी: म्हणजे?

देशमुख: हे सगळं गाडीच्या आत लागतं. आत बसणाऱ्याला शांत वाटतं. बाहेर येणारा आवाज इंजिन आणि सायलेन्सरचा, तो तसाच राहणार.

*साने यांनी हा मेसेज डिलीट केला*

गोखले काकू: म्हणजे मीटिंगमध्ये आम्हाला जे सांगितलं ते सानेंच्या कानांसाठी होतं. माझ्या नाही. छान.

साने: काकू, शपथेवर सांगतो, मला खरंच माहीत नव्हतं.

कुलकर्णी: म्हणूनच म्हणालो, वैयक्तिक चर्चा वैयक्तिक करा.

निखिल: ब-१०१ लाच साउंडप्रूफिंग करू या का? काकूंची खिडकी व्हाइनिलने बंद 😅

गोखले काकू: निखिल, आईला फोन दे.

देशमुख: काकू, एक विचारतो, राग मानू नका. आवाज नेमका कसा येतो?

गोखले काकू: वहीत लिहिलेलंच आहे. सेक्रेटरींना दाखवायला ठेवलंय. आधी घर्रर्र. मग फट् फुस्, फट् फुस्, इंजिन वाढवलं की तेही भरभर. पाच-सहा मिनिटांनी फुस् कमी होतं, नुसती गुरगुर राहते. पावसाळ्याआधी फुस् नव्हतं. पहिली नोंद १८ जूनची.

देशमुख: साने, वाचलंत? थंड असताना फुसफुस, गरम झाल्यावर बंद. पाइप तापून फुगतो आणि फट मिटते. इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डला खाली जाणारा पाइप जिथे क्लॅम्पने जोडलेला असतो तो सांधा बघा. या इंजिनांची ती जुनी खोड आहे. काकू, तुम्ही मेकॅनिकपेक्षा नेमकं सांगितलंत.

गोखले काकू: मला झोपायचं होतं, मेकॅनिक व्हायचं नव्हतं.

साने: जूनमध्येच मी सायलेन्सर काढून रंगवला होता. क्लॅम्प मीच बसवला.

निखिल: 👏👏👏

देशमुख: आधी तो सांधा, मग इंजिनाची माउंटिंग रबरं, आणि सायलेन्सर कुठे बॉडीला टेकतो का ते. टेकला असेल तर सगळा पत्रा स्पीकर होतो. आणि साने, सांधा गळत असताना गाडी चालवू नका, कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वासही नसतो. आवाजाची शीट त्यानंतर.

गोखले काकू: आणि चोक देऊन सात मिनिटं माझ्याच खिडकीखाली का? गेटबाहेर धरा.

साने: गेटबाहेर धरेन काकू. कबूल.

गोखले काकू: लिहून ठेवलं.

*पुढचा रविवार*

साने (७:२०): आज ५:४५ ला निघालो होतो. कोणाला कळलं का?

पाटील सेक्रेटरी: अजिबात नाही! अभिनंदन 👍

साने: सांधा पार सैल होता, रिंगही जळलेली. नवी बसवली. शीट फक्त जमिनीला आणि मागच्या चाकांवरच्या पत्र्याला लावली, व्हाइनिल अजून नाही. आता आत इतकं शांत आहे की मागच्या अॅक्सलमधून एक गुणगुण ऐकू येतेय. आधीपासून होती की नवीन आहे कळत नाही. देशमुख?

देशमुख: अॅक्सिलरेटर सोडलात की वाढते की दाबलात की?

कुलकर्णी: पुन्हा सुरू.

गोखले काकू: ५:४५ ला गेट उघडल्याचा आवाज आला. गेटच्या बिजागरीला तेल घाला कोणीतरी.

बर्वे: सानेसाहेब, शीटचा तुकडा उरलाय का? टाकीच्या झाकणाला लावून बघतो.

देशमुख: बर्वे, मधोमध लावा. आणि कडेला, जिथे झाकण टेकतं, तिथे सानेंच्या त्या फोमची पट्टी.

साने: तो पाणी पिणारा निघाला.

देशमुख: मग त्याची नको. दाराचं जुनं रबर असेल ना, ते कापून द्या.

बर्वे: मी येतो घ्यायला. पाच महिने झाले हो.