मदत हवी आहे: जुन्या रॅकला चिकट शीट टिकेल का?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते. बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांकडून स्वयंपाकघरासाठी एक जुनं रॅक घेतलंय. पार्टिकल बोर्डाचं आहे, भक्कम आहे, पण कडांचा सनमायका सुटलाय आणि खालची फळी पाणी मुरून फुगलीय. सुतार नव्या सनमायकाचा जो भाव सांगतो, त्यात नवं रॅक येईल! म्हणून मागचा कागद सोलून चिकटवायची पीव्हीसी शीट लावायचा विचार आहे.

भीती आपल्या उन्हाची. वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे. अशा गरमीत गोंद मऊ पडतो, शीट आकसते, कडा उचलतात आणि तिथे धूळ बसते. कडांना हेअर ड्रायरची गरम हवा देऊन दाबलं, किंवा खालून थोडं फेविकॉल एसआर लावलं, तर उन्हाळा निघतो का? कुणी करून पाहिलंय?

फुगलेली फळी घासून, लांबी (पुट्टी) भरून, प्रायमर मारणार आहे. उरलेल्या सनमायकावर साबणाच्या पाण्याने पुसून, सुकवून थेट लावलं तर चालेल ना? शीट ४५ सेंमी रुंद, फळी त्याहून जास्त, मग जोड भिंतीकडे घ्यावा असं वाटतं.

चकचकीत संगमरवरी डिझाइन नको, त्यात प्रत्येक बुडबुडा दिसतो. साधी मॅट हवी, आणि तेल पुसता येईल अशी, कारण शेंगाचटणीचे डबे तिथेच राहणार. नवी पेठेत मीटरवर देणारं दुकान माहीत असेल तर सांगा, ऑनलाइन जाडी कळत नाही.