स्किझोफ्रेनिया, छिन्नमनस्कता आणि पडद्यावरचं ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’

प्रश्न : एकाच देहात दोन माणसं दाखवली की परीक्षणात ‘स्किझोफ्रेनिक पात्र’ असं सर्रास लिहिलं जातं. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, म्हणजे तुकडे झालेलं मन. मग हा वापर बरोबरच म्हणायचा ना?

प्रतिसाद : बरोबर नाही. आजार दोन आहेत आणि वेगळे आहेत. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मांडला. त्यातली फूट विचार, भावना आणि वागणं यांच्यातली आहे. घरातल्या मृत्यूबद्दल बोलताना रुग्ण हसू शकतो, कारण भावनेची आणि विचाराची सांगड सुटलेली असते. दोन व्यक्तिमत्त्वं आलटून पालटून येणं हा बहुव्यक्तिमत्त्व विकार. अमेरिकी वर्गीकरणात १९९४ पासून त्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. ‘भूलभुलैया’तल्या (२००७) अवनीला दाखवलाय तो हा. मात्र तिथल्यासारखा एका रात्रीत तो उतरत नाही. मानसोपचार महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चालतात.

‘छिन्न’मुळे घोटाळा होतो हे खरंच. या आजाराच्या जपानी नावातही मनाची फूट होती. ते २००२ मध्ये बदलून ‘एकसंधतेतला बिघाड’ अशा अर्थाचं नाव घेतलं गेलं. मराठीत मी सरळ ‘स्किझोफ्रेनिया’ लिहीन, रुग्ण आणि नातेवाईकही तेच म्हणतात.

प्रश्नकर्ता : आणि ‘भास’, ‘भ्रम’? दोन्ही एकाच अर्थाने वाचनात येतात.

प्रतिसाद : भास इंद्रियांचा, भ्रम समजुतीचा. कोणी नसताना आवाज येणं हा भास. ‘शेजारी माझ्या चहात विष घालतात’ ही समजूत, चहा दुसऱ्याने पिऊन दाखवला तरी न ढळणारी, हा भ्रम. दोरी साप वाटणं हा तिसरा प्रकार : वस्तू असते, ओळख चुकते. काही पुस्तकं त्यालाही भ्रमच म्हणतात, म्हणून लेखात सुरुवातीलाच अर्थ स्पष्ट करावा.

सिनेमाची अडचण अशी की आवाज दाखवता येत नाही, म्हणून तो जिताजागता माणूस उभा करतो. ‘अ ब्यूटिफुल माइंड’मध्ये (२००१) स्किझोफ्रेनिया असलेले गणितज्ञ जॉन नॅश यांना नसलेली माणसं दिसतात, प्रत्यक्षात त्यांना आवाज ऐकू येत. या आजारात कानाचे भास सर्वांत जास्त आढळतात. बरेचदा ते आवाज रुग्णाबद्दल आपसात बोलतात : ‘बघ, उठला. आता दार लावतोय.’ हे दिवसभर चालू असलं तर समोरच्याचं बोलणं ऐकणार कसं? ‘तंद्रीत असतो’, ‘आळशी झालाय’ हे शेरे तिथून येतात.

प्रतिसाद : ‘शॉक देणे’ म्हणजे मेंदूला विजेचा प्रवाह देऊन आकडी आणण्याचा मनोविकारांवरचा उपचार, त्याबद्दलही लिहायला हवं. हिंदी चित्रपटात जागा माणूस, हातपाय बांधलेले, किंचाळी आणि शिक्षा करणारा डॉक्टर हा ठरलेला प्रसंग. प्रत्यक्षात रुग्ण उपाशीपोटी येतो. भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात, जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये ठोकळा ठेवतात. विद्युतप्रवाह काही सेकंदांचाच असतो. शरीर जवळजवळ हलत नाही, इतकं की आकडी आली का हे कळावं म्हणून काही ठिकाणी एका पायाला रक्तदाबाचा पट्टा आधीच आवळतात. स्नायूंचं औषध पट्ट्यापुढे पोचत नाही आणि आकडी तिथे दिसते. साधारण ६ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. त्या काळातलं काही विसरायला होतं, हा खरा दुष्परिणाम. भूल आणि स्नायू-शिथिलक न देता हा उपचार करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. तेव्हा ‘शॉक’ऐवजी ‘ईसीटी’ (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी) किंवा ‘विद्युत उपचार’ लिहा.

प्रतिसाद : परीक्षणं लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘स्किझोफ्रेनिक’ हे माणसाचं नाव करू नका. ‘देवराई’ (२००४) या मराठी चित्रपटातल्या शेषबद्दल ‘स्किझोफ्रेनिया असलेला शेष’ असं लिहा. हा शेष कोणाचा खून करत नाही. त्याच्या आजाराइतकीच बहिणीची ओढाताणही चित्रपट दाखवतो. आणि खुनी पात्राचा आजार पटकथेत सांगितलेलाच नसेल, तर परीक्षणात ‘मनोरुग्ण खुनी’ लिहू नका, नुसतं ‘खुनी’ लिहा.