पैसा येतो, पण मार्चमध्ये

भाऊ, वस्तीतल्या पोट्ट्यांच्या खेळांसाठी ‘निधी येतो, पोट्टेच येत नाहीत’ हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं. आमच्या नागपूरच्या रामबागकडच्या वस्तीत पैसा आला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. ३१ च्या आत खर्च दाखवायचा, म्हणून चार कॅरम बोर्ड घेतले. ते समाजमंदिरात कुलपात. किल्ली ज्याच्याकडे तो संध्याकाळी ड्युटीवर. पोट्टे काय खिडकीतून खेळणार?

याच नागपुरात २००१ पासून क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं. त्यांना दिसलं होतं काय, तर पावसात फुटकी बादली लाथाडणारी मुलं. म्हणजे पोट्टे येतात, फक्त त्यांच्यासोबत कुणी थांबायला हवं. पण वस्तू घ्यायला मंजुरी मिळते, पोट्ट्यांना खेळवायला रोज संध्याकाळी थांबणाऱ्या ताईच्या मानधनाला नाही. खरी अडचण तिथं आहे.