पुढे उभं राहणं म्हणजेच नेतृत्व?

एमबीए करणाऱ्यांनी छंद आणि समाजसेवा फक्त बायोडेटा भरण्यापुरती धरलेली असते, असं बरेचदा म्हटलं जातं. माझ्याबाबतीत सुरुवातीला ते खरंच होतं, उगाच कशाला नाकारू? पदवीला असताना राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं ते सर्टिफिकेटसाठी. वर्षाला 120 तास आणि एक 7 दिवसांचं शिबिर, एवढाच हिशेब डोक्यात.

शिबिरात माळावर पाणी अडवायला सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे, खणायचे होते. मी गटप्रमुख, म्हणून चुना टाकून सरळ रेषा आखून दिली आणि पोरांना कामाला लावलं. गावातल्या एक मावशी थोडा वेळ बघत राहिल्या. मग तीन काठ्यांचा ए-फ्रेम, म्हणजे पातळी बघायची इंग्रजी A सारखी चौकट, घेऊन आल्या, मधोमध सुतळीला दगड लोंबत होता. सुतळी मधल्या खुणेवर आली की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत. म्हणाल्या, "बाळा, पाणी तुझ्या चुन्याचं ऐकत न्हाई." अर्धा दिवस खणलेलं बुजवलं. पोरं चिडली, पण माझ्यावर, मावशींवर नाही!

छंदाचं म्हणाल तर ढोल पथकात तीन वर्षं वाजवतोय. पोटाला ढोल बांधून पन्नास जण उभे असतात, पण हात, म्हणजे वाजवायचा ठेका, कधी बदलायचा हे ताशावाला ठरवतो. तो ओरडत नाही, नुसती ताशावर काड्यांची झरझर तर्री देतो. सध्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये मी तेच करून बघतोय. जमतंय असं नाही, मध्येच आवाज चढतोच.